नसीम, तुझा रेडियन आणि माझा अंश

नसीम,

तू गेल्यापासून स्टाफरूममध्ये कोणी कोणाशी भांडत नाही. सगळे इतके गोड बोलतात की मला गुदमरल्यासारखं होतं. फिजिक्सचे सर स्वतः उठून मला चहा आणून देतात. आपल्या टेबलापाशी आले की सगळे आवाज खाली करतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वंदे, यांना वाटतं मरणाची साथ आलीय, जवळ गेलं की लागेल." मी तुला चूप बस म्हटलं असतं आणि मग आपण दोघी नेहमीच्या विषयावर आलो असतो. कोन मोजायचा तो अंशात की रेडियनमध्ये. एवढ्याशा गोष्टीवर दोन बायका इतकी वर्षं भांडू शकतात, यावर आपल्या नवऱ्यांचाही विश्वास बसत नव्हता.

भांडण तसंच टाकून तू निघून गेलीस, याचा मला राग आहे. दुःख तर सगळ्यांनाच आहे. राग मात्र माझा एकटीचा आहे.

त्यात आता तुझी सना गणित सोडते म्हणतेय. इक्बालभाईंचा फोन आला होता. "वंदनाताई, तुम्ही समजवा तिला. भूगोल घेते म्हणते. विषय बदलायला शनिवारपर्यंतच वेळ आहे. तिची अम्मी असती तर..." फोन ठेवल्या ठेवल्या मी ठरवून टाकलं, काही झालं तरी पोरीला गणित सोडू द्यायचं नाही. तुझ्या मागे तुझ्या घरात गणित राहिलंच पाहिजे, असं मला अगदी आतून वाटत होतं.

आता तू नाहीस तर माझी बाजू तरी नीट मांडून घेते. मध्ये तोंड घालायला कोणी नाही.

अकरावी 'ब' तुझी, 'अ' माझी. पहिला धडा दोघींचा एकच, कोन आणि त्याचं मापन. दहावीपर्यंत पोरांची अंशाशी चांगली ओळख असते. काटकोन नव्वदचा, सरळ कोन एकशेऐंशीचा, पूर्ण फेरी तीनशे साठची. अकरावीत आली की रेडियन समोर येतो, आणि तोही पाय या ग्रीक अक्षराच्या वेषात. पाय बाय सहा, पाय बाय चार. ही पोरं यावल, चोपडा, शिरपूर कुठून कुठून मराठी शाळांतून आलेली असतात. पुस्तक एकदम इंग्रजी झालेलं असतं, आणि आता कोनाच्या डोक्यावरचा तो लहानसा ओळखीचा शून्यही गेलेला असतो. माझा उपाय साधा होता. पाय दिसला की तिथे एकशेऐंशी ठेवा. पाय बाय सहा म्हणजे तीस, पाय बाय चार म्हणजे पंचेचाळीस. लगेच पोरांच्या जिवात जीव येतो. पहिल्याच धड्यात घाबरलेली मुलगी गणित सोडून देते आणि घरचेही म्हणतात, बरं झालं, कशाला डोकं शिणवायचं. हे मी किती वेळा पाहिलंय. म्हणून मी म्हणायचे, आधी त्यांना पाण्यात उतरू दे, खोली मागून सांग.

तुला माझ्या या उपायाचा इतका राग, की माझ्या वर्गावरून जाताना ते वाक्य कानावर पडलं तर तू दाराशी थांबून मुद्दाम खोकायचीस. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी सुरू. "पाय म्हणजे एकशेऐंशी? वंदे, एकशेऐंशी पाय असायला ती काय गोम आहे?"

मी म्हणायचे, "कळतंय ना सगळ्यांना मला काय म्हणायचंय ते."

"तुला कळतंय. पोरांना नाही कळत. त्यांना वाटतं पायची किंमत दर धड्याला बदलते."

"खान्देशातल्या एका तरी सुताराला विचार, रेडियन माहीत आहे का. पंचेचाळीस अंश म्हटलं की तो बरोबर कापतो."

"सुताराला पुढच्या वर्षी बारावी द्यायची नाही. साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस येतं ते रेडियनमध्येच, अंशात येत नाही. तेव्हा तुझी लेकरं रडत कोणाकडे येतात? माझ्याकडे."

"मग शिकव ना तेव्हा. पगार कशाचा घेतेस?"

यावर तू माझ्या डब्यातली शेवभाजी ओढून घ्यायचीस आणि अर्धी संपवायचीस. वर म्हणायचीस, तिखट कमी आहे.

त्या विहिरीवरून तर तू मला किती छळलंस! उजळणीच्या चाचणीत गणित होतं, सात मीटर त्रिज्येची गोल विहीर, तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढा. माझ्या वर्गातल्या एका पोराने पायच्या जागी इमानदारीत एकशेऐंशी ठेवले. उत्तर आलं आठ हजार आठशे वीस चौरस मीटर. पेपर तपासताना तुझ्या नजरेला पडलं आणि तू अख्ख्या स्टाफरूमला वाचून दाखवलंस. "दोन एकरांवर विहीर! आता शेत कुठे करायचं, विहिरीत?" मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. त्या पोराला मात्र तू बोलावून घेतलंस आणि त्याच्याकडूनच ग्राउंडवर सात मीटरचं वर्तुळ पावलांनी आखून घेतलंस. तो मध्ये उभा राहिला, इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "मॅडम, दोन एकर तर पार रस्त्यापल्याड जातील." त्यानंतर त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. तेव्हा मी तुला काही बोलले नाही, पण मला ते फार आवडलं होतं.

खरं तर रेडियन मला तूच दाखवलास. मी यावलहून नवी नवी आले होते. एम.एस्सी. झालेली बाई, पण रेडियन कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तू सहज विचारलंस, "रेडियन म्हणजे काय, सांग." मी धडाधडा व्याख्या म्हटली. त्रिज्येइतक्या लांबीच्या कंसाने वर्तुळाच्या केंद्राशी केलेला कोन.

"पाहिलायस कधी?"

"त्यात पाहायचं काय असतं?"

तू उठून दार लोटून घेतलंस. ते तू का लोटलंस हे मला नंतर समजलं. नव्या बाईला काही येत नाही हे चारचौघांना दिसू नये म्हणून. मग हातातली एक बांगडी काढलीस. तुमचं घर मणियारांचं, अब्बांचं बांगड्यांचं दुकान. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही बांगड्यांची मापं तुला पाढ्यांच्या आधी आलेली. कागदावर बांगडी ठेवून तू गोल काढलास, कागद आडवा उभा दुमडून मध्य काढलास. ओढणीच्या काठातून एक दोरा ओढलास, मध्यापासून कडेपर्यंत मोजून तेवढाच तोडलास आणि त्या गोलावर कडेकडेने ठेवत गेलीस. सहा वेळा पुरा बसला आणि पुढे थोडीशी जागा राहिली.

"ही दोन-सहा होती. आता दोन-आठ घे, नाहीतर बैलगाडीचं चाक घे. सहा वेळा आणि वर तेवढंच थोडंसं. दोऱ्याच्या दोन्ही टोकांपासून मध्याकडे रेघा ओढ. हा कोन बघ. हा रेडियन."

सत्तावन्न अंशांहून जरासा मोठा कोन. मी बघत राहिले. तू म्हणालीस, "तीनशे साठ माणसांनी ठरवले. चारशे ठरवले असते तर काटकोन शंभराचा झाला असता. रेडियन कोणी ठरवला नाही गं. तो बांगडीत आधीपासूनच आहे."

इतकं सुंदर कोणी मला गणितातलं काही सांगितलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी पाय म्हणजे एकशेऐंशी असंच शिकवलं आणि त्यावरून आपली मैत्री सुरू झाली. उगाच मान डोलावणारी बाई तुला एक आठवडाही सहन झाली नसती, हे तू मला पुढे कबूल केलंस.

सनाने अकरावीला आपल्याच कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा तूच तिला माझ्या वर्गात घालायला सांगितलंस. म्हणालीस, घरची मुलगी घरच्या मास्तरणीकडे नको, दोघींचं डोकं फिरेल. मला बरं वाटलं. लहानपणापासून मावशी मावशी करत आमच्या घरी खेळलेली पोर. मग ती सकाळ. पिंप्राळ्याहून आपण नेहमीसारख्या निघालो होतो. मी स्कूटर चालवत होते आणि तू मागे बसून माझ्या कानाशी भांडत होतीस. हेल्मेटमुळे मला निम्मंच ऐकू यायचं, ते एका अर्थी बरंच होतं.

"काल जेवताना सना काय म्हणाली माहीत आहे? अम्मी, पाय म्हणजे एकशेऐंशी, वंदना मावशीने सांगितलंय. माझ्या घरात! माझ्या दस्तरखानावर!"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मावशीचं काय ऐकतेस, केळीच्या गावची ती. तिचं सगळं वाकडंच."

मी इतकी हसले की स्कूटर कडेला घ्यावी लागली. मागून येणारा रिक्षावाला ओरडून गेला. तूही हसत होतीस आणि हसता हसता माझ्या पाठीत बुक्के घालत होतीस. असं कितीदा झालं असेल. त्या वेळी यात जपून ठेवावं असं काही आहे असं वाटत नाही. रोजचंच तर असतं.

तू गेलीस त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. तो दिवस तुझ्या माझ्यातला नव्हता.

पण तिसऱ्या दिवशीच्या जियारतीचं सांगते, कारण त्याला तू नक्की हसली असतीस. आतल्या खोलीत बायका गोल बसल्या होत्या. मधे चादरीवर चिंचोक्यांचा ढीग. एकेक चिंचोका उचलायचा, त्यावर कलमा पढायचा आणि पलीकडच्या ढिगात टाकायचा. मी भिंतीला टेकून बसले होते. तुझ्या सासूबाईंनी माझ्या ओंजळीत मूठभर चिंचोके दिले आणि म्हणाल्या, "बेटी, तुला जे येतं ते पढ. तिला पोचतं." मला तुमचं काही येत नाही. मला येतं ते मी मनातल्या मनात म्हटलं, एकेका चिंचोक्यावर त्रिशरण, आणि तो ढिगात टाकत गेले. बुद्धं सरणं गच्छामि तुझ्या नावाने. कोणाचं कोणाकडे पोचतं मला माहीत नाही. पण त्या खोलीत मला परकं वाटलं नाही, आणि हे तू जन्मभर सगळ्यांशी जशी वागलीस त्याचंच फळ आहे. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. समोर असतीस तर असं बोलू दिलं नसतंस.

त्यानंतर प्राचार्यांनी अकरावी 'ब' माझ्याकडे दिली. बांगड्यांचा खोका तू कपाटात आणून ठेवलेला होताच. पोरांना तू बांगड्या दाखवायचं कबूल केलं होतंस, आणि तेवढं राहिलं होतं. मी घरून माझ्या पद्धतीने शिकवायचं ठरवून आले होते. वर्गाच्या दारात गेले आणि परत फिरून खोका घेऊन आले.

पोरींनी बांगड्या घेतल्या, पोरं लाजत होती. एकाने हळूच विचारलं, "मॅडम, आम्ही पण?" म्हटलं, घालायच्या नाहीत रे, मोजायच्या आहेत. तेव्हा वर्ग पहिल्यांदा हसला. मग सगळे कामाला लागले. दोरे तोडले, कागद दुमडले. लहान बांगडी, मोठी बांगडी, सगळ्यांचं सहा आणि थोडंसं. "माझंही सहाच आलं," "आमचंही," असा गलका झाला. नसीम, तो गलका ऐकताना मला तुझा हेवा वाटला. इतकी वर्षं दरवर्षी हे तू ऐकत होतीस.

तेवढ्यात शिरपूरकडची रोहिणी उभी राहिली. तुझी लाडकी. इंग्रजी पुस्तकाला घाबरते, पण प्रश्न विचारायला कधी घाबरत नाही. तिच्या अहिराणीत म्हणाली, "मॅडम, बठ्ठं समजनं. पन एक बात सांगा. हाऊ पाय एकशेऐंशी शे का तीन पॉइंट चौदा शे? होस्टेलमा 'अ'वाल्या पोरी एकशेऐंशी म्हनतीस, आनि आमनी मॅडम..."

आमनी मॅडम म्हणजे तू. ती खाली बघून बांगडी फिरवत राहिली. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि त्यांना गणितापेक्षा वेगळं काहीतरी माझ्याकडून हवं होतं. मी फळ्याकडे वळून लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "पाय तीन पॉइंट चौदा आणि पुढे काही. कायम तेवढाच. पाय रेडियन म्हणजे एकशेऐंशी अंश. रेडियन आणि अंश हे दोन शब्द कधी खायचे नाहीत. तुमच्या मॅडम बरोबर सांगत होत्या."

पुढच्या तासाला 'अ'वर जाऊन तेच सांगितलं. पोरं म्हणाली, "पण मॅडम, तुम्हीच तर..." म्हटलं, आधीचं खोडा. सनाचा बाक रिकामा होता.

शुक्रवारी संध्याकाळी तुझ्या घरी गेले. काय काय बोलायचं ते सगळं तयार करून गेले होते. गणिताला पुढे किती वाटा आहेत, घाबरायचं कारण नाही, रोज घरी ये, मी शिकवते. सनाने चहा केला. तुझ्यासारखाच, साखर जास्त. समोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "मावशी, तू गणितासाठी आलीस ना?"

"हो. बेटा, अम्मी गेली म्हणून गणित सोडू नकोस."

"मी अम्मी गेली म्हणून नाही सोडत. मला नकाशे आवडतात. नद्या, डोंगर, हवामान आवडतं. गणित येतं मला, पण त्यात मन नाही लागत. मी अम्मीला आधीच सांगितलं होतं."

मी कप खाली ठेवला. "अम्मीला माहीत होतं? काय म्हणाली मग?"

"आधी रागावली. दोन दिवस नीट बोलली नाही. मग माझं नकाशांचं जाडं पुस्तक घेऊन बसली आणि एकटीच हसत सुटली. मला वाटलं काय झालं हिला." बोलता बोलता सनाच्याच चेहऱ्यावर हसू आलं. "मला म्हणाली, हे बघ, जळगाव एकवीस अंश उत्तर, पंचाहत्तर अंश पूर्व. सगळी पृथ्वीच अंशात मांडलीय यांनी, रेडियनचं कुठे नाव नाही. म्हणाली, घे भूगोल. पण मावशीला तू सांगू नकोस, मी सांगेन माझ्या सवडीने. नाहीतर वंदी मला महिनाभर चिडवेल."

मला हसू फुटलं. सनाही हसायला लागली. किती दिवसांनी त्या घरात कोणी हसत होतं. मग हसता हसता दोघींचं रडणं कधी सुरू झालं ते कळलं नाही. इक्बालभाई घाबरून बाहेर आले. मी डोळे पुसून त्यांना म्हटलं, "घेऊ द्या भूगोल तिला. तिच्या अम्मीने हो म्हटलंय."

गणित तुझ्या घरात राहावं हा हट्ट माझाच होता, नसीम. पोरीच्या भल्यासाठी नव्हता. तिच्याकडे बघून तू थोडी दिसत राहशील, रोज तिसऱ्या बाकावर, एवढ्यासाठी होता. तू मात्र तिला कधीच मोकळं केलेलं होतंस.

शनिवारी ती विषय बदलून आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिला नीट अभ्यास कर म्हटलं आणि घरी आले.

म्हणजे तू हरलीस. तुझ्या लेकीने तुझ्याच घरात बसून अंश निवडला, तू तो मान्य केलास आणि मला कळू दिलं नाहीस. इकडे मी तुझ्या वर्गात उभी राहून तुझा रेडियन शिकवला आणि माझ्या पोरांकडून माझंच वाक्य खोडून घेतलं, ते तुला कळलं नाही. इतकी वर्षं भांडलो आणि शेवटी एकमेकींना न सांगता दोघीही हरलो.

महिनाभर चिडवायचं होतं गं तुला. तेवढं तरी थांबायचं होतंस.